मांडीवरचा धागा

छपरावर चढायची पाळी माझी.
ओलं फडकं कमरेला, पाय जपून,
कारण मागच्या आखाडीला दोन कवेलू माझ्याच टाचेनं फुटले
आणि आई ते अजून मोजते.

काचेवर रात्रीची धूळ, धानाच्या मळणीचा भुसा,
आणि एका माकडाचा पंजा, पाचही बोटं स्पष्ट.
पंजा मी शेवटी पुसते.
पुसला की खाली पडवीत यंत्राचा सूर वर चढतो
आणि आई ओरडते, "हाव, आली वो!"
जशी कोणी पाहुणी फाटकात आली.

आली म्हणजे लाईन.
आम्ही तिला लाईनच म्हणतो,
खांब नाही, तार नाही,
बिल घेऊन येणारा माणूस नाही, तरी.

यंत्र आलं त्या दिवशी धुरपतामावशीनं त्याला हळदकुंकू लावलं,
मग विचारलं, "हे खाते काय?"
ऊन, मी म्हटलं.
"मंग आपल्या गावात उपाशी नाई मरत."

त्याआधी सतरा वर्षं
धागा निघायचा तो आईच्या डाव्या मांडीवर.
पितळीत उकडलेले कोसे,
सहा-सात तारा एकदम ओढायच्या,
मांडीला राख चोळायची, तळव्यानं पीळ द्यायचा,
दुसऱ्या हातात नटवा फिरता.
दिवसभरात मूठभर.
लुगडं वर खोचलेलं, म्हणून दार लावून,
दार लावलेलं, म्हणून अंधारात.
डोळे गेले ते वेगळंच.

मांडीवर एक जागा झाली होती, तळहाताएवढी,
काळी, गुळगुळीत,
बैलाच्या मानेवर जुवाची असते तशी.
लहानपणी मी तिथंच गाल टेकून झोपायची.
मला हे काम तिनं शिकवलं नाही.
मी नटवा उचलला की ती काढून घ्यायची,
पोराच्या हातून विळा काढून घ्यावा तसा.

आता ढग आला की सूर उतरतो.
बॅटरी थोडं ओढून नेते, मग तीही दमते,
आणि आई चहा ठेवते.
ढगाचा आणि चहाचा आमच्याकडं
पूर्वी काही संबंध नव्हता.

गेल्या महिन्यात नागपूरहून खरेदीवाला आला,
गॉगल कपाळावर.
लड बोटांत धरून म्हणाला, फारच एकसारखा आहे हो.
गाठ नाही, जाडबारीक नाही.
मोठ्या शहरांत मांडीवरच्या धाग्याची विचारणा आहे,
किलोमागं चारशे जास्त देतो,
वर चिठ्ठी लावतात: हाताचा, अस्सल.

कोणी बोललं नाही.
यंत्र तेवढं बोलत होतं.
आईनं तुटलेली तार हेरली, जोडली, पुन्हा लावली.
"आना मंग," ती म्हणाली.
"काय?"
"मांडी. तुमची. राख आमच्या घरी हाये."

धुरपतामावशी इतकी हसली
की तिच्या पितळीतले कोसे सांडले, पाण्यासकट.

त्यानं माल नेला, जुन्याच भावानं.
अकरा किलो.
चार हजार चारशे न लिहिता वही मिटताना
माझं पेन अडलं, खोटं कशाला सांगू.
पण आईनं वहीकडं पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी सूर खाली खाली येतो, मग नसतो.
आई तशीच बसून राहते थोडा वेळ,
डावा तळवा लुगड्यावरून मांडीवर फिरतो,
काही वळत नाही, नुसता फिरतो.
पडवीचं दार सताड उघडं.
नदीवरून जाळी घेऊन परतणारे विचारतात,
"झालं का वो काम?"
इतकी वर्षं हेच लोक इथूनच जायचे
आणि या घरात काम चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वर काच अजून कोमट असते.
माकड येऊन तिच्यावर बसतं.
मी खडा उचलते.
"बसू दे," आई म्हणते,
"थो भाव तं नाई पाडत."