दुसऱ्या दिवशीची साय

आधी रंग, मग बाकीचं.
तोंड उघडं राहिलं की दात सुकतो,
सुकला की गोरा दिसतो, म्हणजे खोटं बोलतो.
म्हणून सुई हातात घेण्याआधीच
डॉक्टर प्राइसबाईंनी मला लॅबमधून बोलावलं.
लाँगटनचा चढ, छत्री न उघडता, सहा मिनिटं.

एरवी मला माणसं दिसत नाहीत.
येतात ती प्लास्टरची, ओठांवाचून,
नावाच्या चिठ्ठीसकट खोक्यात.
आज खुर्चीत डोरीन कोलक्लो, वय एक्क्याऐंशी,
समोरचा डावा दात मोडलेला.
"टोस्टवर," ती म्हणाली. "निदान भांडणात तरी मोडायचा."

शनीसनं तिची लिपस्टिक पुसली,
लाल स्वेटरवर राखाडी कापड टाकलं.
दिवा बंद. खुर्ची खिडकीकडे.
स्टोकचं आभाळ बाकी कशाच्या कामाचं नाही,
पण दाताचा रंग बघायला एक नंबर:
सगळीकडून सारखं, कुणाची बाजू न घेणारं.

सोळा दातांची पट्टी तिच्या ओठाशी धरते.
ए-तीन. नाही. ए-साडेतीन.
पाच मोजेपर्यंत बघायचं, मग नजर निळ्या कार्डावर,
नाहीतर डोळा भिडेला पडतो, आहे तेच बरं म्हणतो.
फॉर्मवर आकडा लिहिते.
आणि माझ्या वहीत, मराठीत, जे दिसतं ते:
हिरडीशी जुन्या पोस्टकार्डाचा पिवळा.
मधे दुसऱ्या दिवशीची साय.
कडेला ताकावरची निवळी, आरपार, किंचित निळी.
एक चीर, केसाएवढी, चहा मुरलेली.

"काय लिहितेस एवढं?"
सांगितलं, जमेल तसं. सायीपाशी अडले,
दुधावर हात फिरवल्यासारखं करून दाखवलं.
ती हसली नाही.
"वरची नको बघूस. खालचं दूध बघ. तिथं करडा आहे."
बघितलं.
होता.

चाळीस वर्षं तिनं कपांवर फुलं काढली होती,
पलीकडच्याच रस्त्यावर, आता जिथं गाद्यांचं दुकान आहे.
कच्चा रंग वेगळा, भट्टीतून निघालेला वेगळा,
हे तिला मी सांगायचं
म्हणजे आईलाच आजोळच्या गोष्टी.

मग दात घासून खुंटाएवढा झाला, आणि मापाची पाळी.
जांभळं सिलिकॉन ट्रेमध्ये, ट्रे तोंडात.
नाकानं श्वास घ्या, मिसेस कोलक्लो, खांदे सैल.
साडेतीन मिनिटं तिला बोलता येईना,
सुईपेक्षा तिला तेच जड गेलं.
चप्प् करून माप सुटलं.
उजेडात धरलं तर उजव्या दाताच्या कडेला
अर्धगोल उंचवटा. मापात सगळं उलटं,
म्हणजे दातावर खाच.

"ब्रश," ती हनुवटी पुसत म्हणाली, बधिर ओठानं.
"एक हातात, एक दातात. सगळ्याच जणी धरायच्या."
उरलेली अर्धी खाच मोडक्या दाताबरोबर गेली होती.
म्हटलं, नव्यात कोरू? जोडी जुळेल.
मनात मी कोरायला घेतलीही होती.

"मुळीच नको.
ती खाच कारखान्याची. हा दात माझ्या पैशाचा."
मग जरा थांबून,
"चीर मात्र काढ. चहा माझाच होता."

पाच वेळा भट्टीत घातला.
तिसऱ्यांदा फारच तरुण निघाला, तो मोडून टाकला.
पंधरा दिवसांनी प्राइसबाईंनी आरसा पुढे केला,
तिनं तो मांडीवर पालथा ठेवला
आणि दात आधी तळहातावर मागितला.
चिमटीत धरून कानाशी नेला,
अंगठीनं हलकेच टिचकी मारली,
बाजारात आपण माठाला मारतो तशी.

एवढ्याशा दाताला कसला आलाय नाद.
तरी ती ऐकत राहिली, डोळे मिटून,
आणि आम्ही तिघी गप्प.

"बसव," ती म्हणाली.