फाळ वर, फाळ खाली

डिसेंबर उतरणीला लागला की रेइयो विचारतो,
"यंदाचे तुझे दहा अल्बम कुठले?"
बहिणीचा नवरा. वाचनालयात संगीताचं कपाट सांभाळतो.
त्याचे दहा नोव्हेंबरातच तयार असतात,
सुवाच्य अक्षरात, आकडे घालून.
माझे सहाच झालेत.

चौथ्यापासून सांगते म्हटलं,
कारण पहिल्याचं अजून नक्की नाही.

चौथा: एस्टोनियातल्या कुठल्याशा बेटावरच्या
अकरा बायका. वाद्य एकही नाही.
नुसते गळे, आणि मध्येच कुणाचा तरी खोकला
जो त्यांनी कापून टाकला नाही.
तो खोकला मला पाठ आहे.
तुइराच्या पुलावर फाळ खाली टाकला
की बरोबर तिथेच येतो.

गाडीत अजून कॅसेटच चालते. रेइयो भरून देतो.
तोप्पिलाच्या बंदरापासून इस्पितळापर्यंत एक बाजू,
परतताना दुसरी.
औलिक्कीच्या शेजारी बसून काम शिकले
तेव्हाच तिने नियम घालून दिला होता,
गाणं मध्येच उडवायचं नाही,
आपण गल्ली उडवतो का?
कितीही कंटाळवाणी असू दे,
तिथूनही कुणीतरी पहाटे पाचला
सायकल घेऊन कामावर निघतं.

दुसरा, कायानीच्या दोन पोरांचा.
इंजिनाच्या घरघरीत शब्द एक कळला नाही.
तो मी कानांनी ऐकलाच नाही,
सीटमधून चढत आला, माकडहाडापासून वर.

सहावा भिडेखातर. रेइयोचा लाडका पियानो,
इतका सावकाश की वाटलं यंत्र बंद पडलं.
मी वरून एक थाप मारली
आणि त्याच क्षणी पुढचा सूर पडला.
थापेमुळेच पडला, हे मी त्याला शपथेवर सांगितलं.
दोन दिवस बोलला नाही.

पाचवा बरा आहे.
तिसऱ्याबद्दल बोलणार नाही.
पोरगी घर सोडून गेली त्या आठवड्यात ऐकला.
त्यात अल्बमचा काही दोष नाही.

आणि उरलेले चार?
रेइयो, उरलेले चार पडलेच नाहीत.
जानेवारीत पाऊस. मार्चमध्ये चिखल.
नोव्हेंबरभर ऑफिसातून फोन नाही,
गाडी शेडमध्ये, फाळ वर.

घरी ऐकून पाहिलं, खुर्चीत बसून.
गाणं पुढे जात राहिलं
आणि मी तिथल्या तिथेच.
पडदे तेच, कुंडी तीच,
समोरून एक घरसुद्धा सरकेना.

मग एका रात्री शेडमध्येच जाऊन बसले,
इंजिन बंद, दिवे बंद, कॅसेट चालू.
रखवालदार काचेवर टकटक करून म्हणाला,
"बिघाड आहे का काही?"
म्हटलं, "हो. पण गाडीत नाही."

आता पहिला.
पार उत्तरेकडचा एक म्हातारा, अकॉर्डियन वाजवतो.
भाता ओढतो तेव्हा सुराच्या आधी
त्याचा श्वास ऐकू येतो,
दार उघडावं आणि थंडी
माणसाआधी आत यावी, तसा.
गेल्या आठवड्यात एकच रात्र पडलं, बोटभर.
पहिली बाजू इस्पितळाच्या फाटकाशी संपली.
मी कॅसेट उलटली.
तेवढ्यात वायरलेसवर आवाज आला,
थांबलंय, पुरे, परत या.
फाळ वर घेऊन रिकामी आले. लावली नाही.

रेइयो म्हणतो, अर्धा ऐकलेला धरता येत नाही.
म्हटलं, तू तुझ्या यादीत धरू नकोस.
म्हणतो, दुसरी बाजू मी ऐकलीय, सांगू का कशी आहे?
मी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

आज एकोणतीस तारीख. उणे दोन.
खिडकीबाहेर खांबावरचा दिवा पाहून झाला,
उजेडात काही नाही.
झोपायला चाललेय.
बूट दाराशी ठेवलेत,
टाचा घराकडे, टोकं बाहेर.