विरायला लागणारा वेळ

बेनोड्यात बाबांचं मोटार-वाइंडिंगचं दुकान.
वार्निशचा वास, तांब्याची जळकी भेंडोळी,
संत्र्याच्या बागांतून पोत्यात गुंडाळून आलेल्या मोटारी.

बाबा चालू मोटारीला पेचकस टेकवतात,
मूठ कानाशी लावतात, डोळे मिटतात.
"बेरिंग गेलं याचं. आतून बोंबलते. तुले आयकू येते काय?"
येत नव्हतं. मी दहा वर्षांची होते.

आता माझं यंत्र पोकळ कड्यासारखं.
आत सूर्याच्या गाभ्याहून तापलेला प्लाझ्मा,
कुठंच न टेकलेला, चुंबकाच्या रेषांनी तोलून धरलेला.
त्याला पेचकस कुठला टेकवणार?
आम्ही भिंतीलगत बारकी वेटोळी बसवतो,
तार तांब्याचीच,
आणि ऐकतो.

गप्प आहे म्हणून भरवसा ठेवता येत नाही.
मग अँटेनातून हलकी टिचकी मारायची,
वारंवारता खालून वर सरकवत न्यायची.
एका जागी तो ओ देतो.
आलेखावर टेकडी उठते.
चिंचोळी असेल तर लाट रेंगाळणार,
बसकी, पसरट असेल तर लवकर विरणार.
त्या रुंदीतून निघतो एक आकडा, टक्क्यांत.
यंदाचं माझं पीक तेवढंच.

दिवाळीत दुकानाच्या फळीवर बसून हे सांगितलं.
बाबांनी दुरुस्त मोनोब्लॉकचा स्विच पाडला
आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागले.
"एकोणीस. चांगली हाये. झटक्यात थांबते थे खराब."

आमच्याकडे उलटं, बाबा.
झटक्यात थांबलं की आम्ही चहा मागवतो.

"आन थांबतच नाई थे?"

तसंही होतं.
वेगवान कण लाटेला मागून ढकलत राहतात,
आकडा शून्यावर येतो, शून्याखाली उतरतो,
मग टिचकीची गरजच उरत नाही.
लाट आपली आपण वाढते,
कणांना उधळून भिंतीवर फेकते.
आणि आम्ही सकाळी खरचटलेल्या फरशा मोजतो.

बाबा बराच वेळ चिमट्यानं तार सरळ करत बसले.
"मंग थ्या आकड्यावरच नजर ठेवाची. आवाज व्हायच्या आंधी."
माझ्या गाइडला हे सांगायला दोन वर्षं लागली होती.

रात्री साडेअकराला थ्री फेज आली.
अंधारात एकेक बाग सुरू झाली, दूरची, जवळची, ओढ्यापलीकडची.
बाबा कूस बदलत म्हणाले,
"कुयट्याची येईन चार दिवसांत."

मी उठून अंगणात गेले.
खूप वेळ ऐकलं.
सगळ्या सारख्याच वाटत होत्या.