इतवारी

नागपुरात समुद्र नाही.
झिरो माइलच्या खांबापासून कुठल्याही बाजूनं निघा,
तो लांबच.
बाबांनी रिटायर झाल्यावर
नेमकं हेच गाव निवडलं.

आडकू वलथरे, भंडाऱ्याकडचा ढिवर,
मामा तलावात शिंगाडे काढत वाढलेला.
भरतीच्या साहेबानं विचारलं होतं, पोहता येतं का?
तर म्हणे हसूच आलं.

मी आठ वर्षांची. डिसेंबरात दर रविवारी
मफलर बांधून ते मला सायकलच्या दांड्यावर बसवत
आणि आम्ही इतवारीत जात असू.
किराणा ओळ, मस्कासाथ, तीन नल चौक.
प्रत्येक दारात तोच प्रश्न :
"तुमच्या घरचा कोनी नेव्हीत होता का जी?"
भांडेवाल्याला वाटायचं, विमा विकायला आले.
एका बाईनं पाणी दिलं, म्हणाली,
आमचा रेल्वेत होता, चालते का?
एका घरात भिंतीवर हार घातलेला फोटो,
पांढऱ्या कपड्यातला कोवळा पोरगा.
बाबा उंबऱ्यातच चपला काढून उभे राहिले.
मग कळलं, तो लग्नाच्या बँडचा पोशाख.
तरी त्यांनी नमस्कार केलाच.

तोफांचं विचारलं की ते सांगत
केरळी कुकच्या शिव्या,
बॉयलरवर वाळवलेले मोजे.
युद्ध म्हणून काही नाही.

मी दहावीत होते. मे महिना, कूलरचा पंप उघडलेला.
हाताला ऑइल लागलं
आणि पुसायचं सोडून ते हाताकडे पाहत बसले.
"एकाहत्तरात," ते म्हणाले,
"आमी पोचलो तवा त्यायचं जहाज बुडून रात्र गेली होती.
पान्यावर नुसतं तेल. तेलात डोकी.
समदी काळी. कोन हापसर, कोन खलाशी,
कोन कुठल्या मुलुखाचा, काई समजे ना.
बोलला तरच वळख.
मी दोर टाकला. एकानं धरला.
वर पाहून म्हने,
काहून गा, इतका उशीर?"

एवढ्या मोठ्या पाण्यात
आपली बोली.

"मी इचारलं, कोन गावचा गा तू?
म्हने, इतवारी.
नाव इचारतच होतो."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
पंपाचं झाकण लावलं, स्क्रू फिरवत राहिले,
घट्ट झाल्यावरही.
खूप वेळानं एवढंच :
दोर वर ओढला तर हलका होता,
टोकाला तेलाचा पंजा उमटलेला.

मागच्या वर्षी मेडिकलच्या वॉर्डात
ते भंडारा विसरले, शिंगाडे विसरले,
मला सिस्टर म्हणू लागले.
खरी सिस्टर कागद घेऊन आली :
बाबा, गाव कोणतं?
बाबांनी डोळे उघडले.
"इतवारी."

मी दुरुस्त केलं नाही.
माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं
आणि त्या मुठीला
अजून जोर होता.

आता पुन्हा डिसेंबर.
स्कूटी तीन नल चौकाशी लावून
मी एका धान्याच्या दुकानापुढे उभी आहे.
काय विचारायचं ते पाठ आहे,
तोंडातून निघत नाही.
तराजूवरचा माणूस म्हणतो, काय देऊ ताई?
मी विचारते.
तो माप खाली ठेवतो. नाव काय त्याचं?
नाव माहीत नाही.
तेव्हा कितीचा होता?
माहीत नाही.

तो हसत नाही. मान वळवून
पडद्याआड हाक देतो :
"आई, आपला कोनी नेव्हीत होता का वं?"

आत भांडी घासायचा आवाज
थांबतो.