सिन्स आणि फॉर

माझगावची म्युनिसिपल शाळा, चौथी ‘ब’चा वर्ग.
संध्याकाळी साडेसातला बुटक्या बाकांवर
गुडघे दुमडून मोठी माणसं बसतात.
गुरुवारी फळ्यावर लिहिलं: सिन्स. फॉर.

म्हटलं, मराठीला दोन्हीकडे ‘पासून’ चालतं.
सोमवारपासून, दहा दिवसांपासून.
आपली भाषा मोजत बसत नाही.
इंग्रजी बसते.
सिन्सला खिळा लागतो: तारीख, वार, एखादी सकाळ.
फॉरला नुसती दोरीची लांबी,
कुठे बांधली ते तो विचारत नाही.

लिफ्टमन चाळके म्हणाले, गुडघा दुखतो, सिन्स दिवाळी.
बरोबर.
फ्लोरी म्हणाली, फॉर अकरा वर्षं मी पॅटिस तळते.
तेही बरोबर, शेपटाकडून धरलं तरी.
मग मैमुना परकार उभी राहिली.
सिन्स सात वर्षं माझा नवरा बोटीवर आहे.

मी सवयीने खडू उचलला.
सात वर्षं ही लांबी झाली, मैमुनाबाई, फॉर घ्या.
नाहीतर तारीख सांगा, सिन्स राहू दे.

तारीखच नाही ना, सर.
शेवटचा फोन रमजानात आला,
पण फोन आला तेव्हा तर तो होता.
मग नाही कधीपासून?

चाळक्यांनी वही मिटली.
पंख्याचं एक पातं तेवढं घासत राहिलं.

वर्ग सुटल्यावर तिने पिशवीतून कागद काढला,
बॅलार्ड पिअरच्या कंपनीचा, घड्यांवर विरलेला.
एवढं एक वाक्य सांगा.
दोन्ही शब्द एकाच ओळीत होते,
सिन्स अगदी सुरुवातीला,
फॉर पुढे, सात वर्षांचं बोट धरून.
व्याकरणाची एकही चूक नव्हती.

हा सिन्स निराळा, मी म्हणालो.
हा पासून नव्हे. हा ज्याअर्थी.
ज्याअर्थी सात वर्षं त्यांची काही खबर नाही...
आणि त्याअर्थी?
त्याअर्थी खालच्या ओळीत होतं.
रक्कम, सहीची जागा, दोन साक्षीदार.
मी चष्मा पुसायला घेतला.

तिने विचारलं, फॉरचा ‘साठी’पण होतो ना?
मागच्या आठवड्यात सांगितलंत.
होतो.

खडू घेऊन तिने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं,
आय ॲम वेटिंग फॉर,
आणि तिथेच थांबली.
पुढे वर्षं येतात की माणूस, ते न लिहिता
हात झटकून चप्पल घालायला गेली.

शिपाई दिवे मालवायला आला. डस्टर माझ्याच हातात होतं.
सकाळी चौथी ‘ब’च्या पोरांनी पुसलं असेल.