छेद, १:२०

लिफ्टला वर जायला वीस तेत्री लागतात,
खाली येणं फुकट.
ग्लदानीतल्या आमच्या इमारतीचं एवढं एकच गणित
मला पाठ होतं, स्थापत्याच्या दुसऱ्या पदवीला बसेपर्यंत.

मग गुरामी सरांनी प्रबंधाचे विषय मागितले.
कुणी संग्रहालय दिलं, कुणी नदीकाठ,
बाद्रीने तर आख्खं विमानतळ.
मी म्हटलं, मला माझी झोपायची खोली मोजायचीय.

हसू नका.
सातव्या मजल्यावरची ती खोली नकाशात नाही.
नकाशात तिथे हवा आहे.
मी जन्मले त्या वर्षी घर पुरेना, तेव्हा
बाबांनी नि वरच्या-खालच्यांनी मिळून
रेल्वेचे भंगारातले रूळ उभे केले जमिनीपासून
आणि इमारतीच्या पाठीला
एकेक खोली अडकवली, एकीवर एक.
वीज यायची रात्री दोन ते चार.
ओमारी वेल्डर तेवढ्यात जोडायचा जमेल तेवढं.
आई सांगते, खिडकीबाहेर ठिणग्या पडायच्या
नि तू गप्प बघायचीस;
ठिणग्या थांबल्या की पुन्हा भोकाड.

फेब्रुवारीभर मी टेप धरून बाहेर लोंबकळले.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
ते मिलिमीटरमध्ये लिहून आणलं.
एक जोड सापडला, सतरावा, अर्ध्यावर सुटलेला:
चार सेंटीमीटर नीट, मण्याला लागून मणी,
मग काहीच नाही.
त्या रात्री वीज चारच्या आधी गेली असणार.
दुसऱ्या रात्री ओमारी दुसऱ्या टोकाकडून लागला असणार,
किंवा विसरला.
त्या विसरण्यावर मी पंचवीस वर्षं झोपले.

संगणकात सगळं भरलं: रुळांचं वजन, वाऱ्याचा जोर,
पलंग, पुस्तकं, आईचं शिवणयंत्र.
पडद्यावर खोली लाल झाली.
गणिताप्रमाणे माझं बालपण
दोन हजार चारच्या आसपास कोसळायला हवं होतं.

परीक्षणाला बाहेरून आलेले गृहस्थ
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"रेखाटलंय छान. पण हा डोलारा टेकलाय कशावर?"

पाया दाखवता आला असता.
मी पाचवा मजला दाखवला.
तिथे त्सियाला राहते. तिला खोली नको होती.
एकटीला किती लागतं, म्हणाली,
पण रूळ जाऊ देत माझ्या गॅलरीतून, बरं.
तिला तिथून डोंगर दिसायचा.
आता दोन रूळ दिसतात
नि मधल्या फटीत थोडा डोंगर.
वर आम्ही चार घरं वाढलो
त्या 'बरं'वर.

"ते कुठल्या रेषेनं काढू?" मी विचारलं.
कापलं जातं ते जाड, पलीकडचं ते बारीक,
दिसत नाही ते तुटक,
हे तुम्हीच शिकवलंत पहिल्या वर्षी.
गुरामी सरांनी खिशातून पेन्सिल काढली,
पुन्हा ठेवली.
गृहस्थ म्हणाले, हे उत्तर नव्हे.
त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटच्या पानावर
मीच लिहिलं होतं: जोड सतरा, ताबडतोब.
ओमारी आता नाही. त्याचा मुलगा येतो म्हणालाय
रविवारी, दिवसाउजेडी.

गुण जूनमध्ये कळतील.

प्रतिकृती लिफ्टमध्ये मावली नाही,
आणि टाकलेलं नाणं परत मिळत नाही.
आख्खी इमारत हातात घेऊन जिना चढले.
पाचव्यावर दम लागला, तर दार उघडलं:
त्सियाला, पायात सपाता, हाताला पीठ.
काही न विचारता तिनं एक टोक धरलं
नि सातव्यापर्यंत सोडलं नाही.
मग म्हणाली, "तेक्ला, यात मी कुठेय?"
दाखवलं. ही इथली, मोकळी चौकट.
ती वाकून बघत राहिली बराच वेळ.
"आणि मिरच्या?
दर ऑक्टोबरात माळ बांधते मी त्या रुळाला.
ती राहिली की तुझी."