वजनाचा बुधवार

नेत्रावळीच्या अंगणवाडीत
वाशाला काटा टांगलाय, खाली निळी झोळी.
सुरंगी वेळीप झोळीत बसते
आणि पाय पोटाशी ओढून घेते,
तेवढ्यानं वजन लपेल असं.
काटा वाचायला मी स्टुलावर चढते.

नऊ किलो चारशे.
गेल्या महिन्यातही नऊ चारशेच.
वय तीन वर्षं, वर दोन महिने.

तिची आई पहाटेच्या बसनं पाळोळेला जाते,
हॉटेलात नाश्ता मांडते,
कलिंगडाची कमळं कोरते.
उरलेली अंडी मोजून टाकायची,
घरी न्यायला मनाई.
इकडे सुरंगी कोऱ्या चहात बिस्कीट बुडवते,
ते तुटून तळाशी जातं,
मग बोटानं शोधत बसते.

मी सांगते, नाचण्याचं तिजण दे,
गूळ आणि नारळाचा रस घालून.
पेजेबरोबर सुका बांगडा भाजून दे.
आई म्हणते, "ढवळणार कोण, बाई?
सासूचे डोळे गेलेत, विस्तवाला भिते."
माझ्या वहीत याला रकाना नाही.

"बाय, तूं वयर कित्याक चडल्या?"
झोळीतून सुरंगी.
काय सांगू? चार फूट सात इंच.
आम्ही सात भावंडं एका मडक्यातल्या पेजेवर वाढलो,
वाढलो म्हणजे, मोठे झालो.

उतरते. पातेलं शेगडीवर ठेवते,
गुठळी होऊ नये म्हणून ढवळत राहते.
वही उघडीच.

सुरंगीनं वाटी चाटूनपुसून संपवलीय.
नाकाच्या शेंड्याला थेंब लागलाय,
तोही जिभेनं गाठायला बघते.